वायरांच्या पेटीतली मींड

कुमुद गेल्याचा फोन आला तेव्हा मी दारात उभी राहून भाजी घेत होते. चेच भाजीची जुडी हातात होती, भाजीवाली पिशवीत मूठभर मिरच्या टाकत होती, आणि पलीकडून तिचे यजमान दिनकरराव त्यांच्या नेहमीच्या संथ, कार्यालयातल्या आवाजात म्हणाले, “शोभाताई, कुमुद गेली. चहा घेऊन बसली होती... बसल्या बसल्याच गेली.” मी “बरं” म्हणाले. अशा वेळी तोंडातून काय निघेल ते सांगता येत नाही. भाजीवालीनं माझ्याकडे पाहून विचारलं, “का होगे दीदी?” मी समोरच्या माडीकडे बोट दाखवलं, पण तिचं नाव काही माझ्याकडून घेतलं गेलं नाही. “मशीन वाली दीदी?” तिनंच विचारलं आणि टोपली खाली ठेवून माझ्या शेजारी पायरीवर बसली. आमच्या रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात कुमुदची शेवटची काही वर्षं हीच ओळख होती. पूर्वी तिला गाणेवाली म्हणत. या दोन नावांच्या मध्ये जे घडलं, ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं असं गेले काही आठवडे वाटत होतं... आणि ते सगळं जवळून पाहिलेली मीच उरले आहे.

छत्तीसगड वेगळं राज्य झालं तेव्हा भोपाळहून फायलींबरोबर माणसंही रायपूरला आली. दिनकरराव त्यांतले. राजधानी नवी, सरकारी घरं अपुरी, म्हणून त्यांनी आमच्या गल्लीतली समोरची माडी भाड्यानं घेतली. कुमुदचं माहेर अमरावतीचं, माझं वर्ध्याचं, त्यामुळे ओळख व्हायला सामान उतरेपर्यंतचाच वेळ लागला. पण ती खरी कळली ती एका दुपारी, वीज गेली तेव्हा. गल्लीतले पंखे, कूलर, टीव्ही एकदम बंद पडले आणि त्या शांततेत समोरून तिचा रियाज ऐकू आला. गोड म्हणता येणार नाही असा, किंचित जाडसर आवाज. पण तो एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट दाखवत जायचा. याला मींड म्हणतात हे मला नंतर तिच्याकडूनच कळलं. त्या दुपारी मी फक्त हातातलं विणकाम ठेवून खिडकीत जाऊन उभी राहिले. पुढे त्याच माडीवर तिचा वर्ग सुरू झाला. मराठी पोरी, बंगाली पोरी, पुरानी बस्तीतून सायकलवर येणाऱ्या छत्तीसगडी पोरी. शिकवणं अर्धं हिंदीत, अर्धं आमच्या वऱ्हाडीत. कुणी सूर सोडून पुढच्या सुरावर धपकन पडली, की ती थांबवायची. “उड्या काहून मारून राहिली? चालत जा ना बाई, कोण मागे लागलं तुझ्या?”

मग गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन नागपूरला झालं. आवाजाच्या नसेला गाठ चिकटलेली आहे, नस वाचेलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, त्यामुळे रागावायला कुणी नव्हतं. कुमुद वाचली आणि आवाज गेला. गेला म्हणजे अगदी मुकी झाली असं नाही. कुजबुज उरली. वाळलेल्या पानांवरून कुणी हात फिरवावा तसा एक नुसता वारा. महिनोन् महिने तिनं डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम केले, मिठाच्या गुळण्या केल्या, गप्प राहून पाहिलं. काही परतलं नाही. पोरींना तिनं स्वतःच येऊ नका म्हणून सांगितलं आणि तानपुऱ्यावर गवसणी चढवली. आमच्या गल्लीत दुचाक्यांचे भोंगे, देवळातल्या घंटा, भंगारवाल्याच्या हाका यांत ती कुजबुज ऐकू कशी येणार? ती काही बोलली की समोरचा “आँ?” करायचा. दोनदा “आँ?” झालं की ती हसून मान हलवायची आणि विषय सोडून द्यायची. गंमत म्हणजे लोक तिच्याशी मोठमोठ्यानं बोलायला लागले, जणू तिला ऐकू येत नव्हतं. हळूहळू तिनं खाली उतरणंच बंद केलं. मी रोज दुपारी जाऊन बसायची. मी बोलायची, ती शेंगा सोलायची.

त्या दिवाळीला कुमुदची मुलगी ऋचा बेंगळुरूहून आली. ऋचाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. तिच्या सामानात एक यंत्र होतं. जेवणाच्या डब्याएवढं, सेलवर चालणारं, खाली बोटाएवढ्या बारीक पट्ट्या आणि वर बटणांसारखे फिरवायचे खुंटे. सिंथेसायझर, ती म्हणाली. तिकडच्या मित्रांत तिला त्याचा नाद लागला होता. कुमुदनं ते पाहून नाक मुरडलं. गणपतीत भाड्यानं येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बाजाचा तिला पूर्वीपासून तिटकारा. “आई, बजाना मत. बस घुमा के देखो,” ऋचा म्हणाली, आणि जाताना ते टेबलावर ठेवून गेली. मला वाटतं मुद्दामच विसरली.

पुढे एका दुपारी समोरच्या खिडकीच्या गजावर चमचा वाजू लागला. हाक मारता येत नव्हती, म्हणून कुमुदनं काढलेली ही युक्ती. पण एरवी ती एकदा वाजवायची, आज थांबतच नव्हती. मी धावत गेले. मला वाटलं दिनकररावांना काही झालं. तर ही यंत्रासमोर बसलेली, केस विस्कटलेले, डोळे मोठे. मला खुणेनं बसवलं. एक पट्टी दाबली, मग दुसरी. पहिला सूर तुटला नाही. तो निघाला आणि वाटेतलं काही न चुकवता दुसऱ्यापर्यंत गेला. तिनं एक खुंटा थोडा फिरवला, आता तो अजून सावकाश गेला. माझ्या कानाशी तोंड आणून ती म्हणाली, “मले वाटलं होतं हे नुसतं उड्या मारणारं आहे. हे तर चालून राहिलं, शोभा.” त्या दिवशी ऑपरेशननंतर पहिल्यांदा तिनं माझ्यासाठी चहा ठेवला.

तिथून पुढे ती त्या डब्यात शिरलीच. पुस्तिका इंग्रजीत होती, ती तिनं उघडली नाही. गळ्याच्या अभ्यासावरूनच ती यंत्राला ओळखत गेली. मला समजावून सांगायची, आणि मला गाण्यातलं काही कळत नसूनही ते समजायचं. आवाज घशात जन्मतो, पण त्याला रूप येतं ते तोंडात. तोच सूर ओठ मिटत नेले की ‘ऊ’ होतो, तोंड उघडलं की ‘आ’. यंत्रातही तसंच. एक भाग नुसता सूर काढतो, कोरडा, माशीच्या भुणभुणीसारखा. दुसरा भाग त्यातलं गाळतो, आणि तो गाळणारा खुंटा फिरवला की यंत्र तोंड उघडतं, मिटतं. अजून एक खुंटा सुराला हेलकावा देतो, तो तिला गाण्यातल्या आंदोलनासारखा वाटायचा. सूर अलगद सुरू करायचा की धक्क्यानं, तेही हातात. एकदा तिनं सूर पूर्ण बंद केला आणि एक वेगळाच खुंटा वर नेला. नुसता खरखरीत वारा बाहेर पडला. नळाला पाणी यायच्या आधी येतो तसा. मग तिनं गाळणारा खुंटा हळूहळू फिरवला आणि तो वारा ‘आ’ म्हणाला, ‘ऊ’ म्हणाला... तो हुबेहूब तिचा आताचा आवाज होता. कुमुदनं माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या गळ्याला हात लावला, मग यंत्राला. आणि मग त्या वाऱ्याखाली तिनं अगदी बारीक एक सूर सोडला, दुधात केशराची काडी सोडावी तसा.

ऋचानं मग तिला मोठी पेटी पाठवली. मॉड्युलर म्हणतात तिला. आपली बाजाची पेटी वेगळी. ही लाकडी चौकटीची, तिच्यात एकेका कामाचे सुटे तुकडे बसवलेले. सूर काढणारा वेगळा, गाळणारा वेगळा, हेलकावा देणारा वेगळा, आणि प्रत्येकावर भोकंच भोकं. एका तुकड्यातून दुसऱ्यात रंगीत वायर घातल्याशिवाय पेटी मुकी. दिनकरराव पहिल्यांदा पाहून म्हणाले, “हे तर आमच्या भोपाळच्या जुन्या ऑफिसचं टेलिफोन एक्सचेंज झालं.” त्यांना त्या वायरांचा पसारा सहन व्हायचा नाही. पण मे महिन्यात पेटी तापून तिचे सूर घसरायला लागले, तेव्हा कूलरचं तोंड तिच्याकडे वळवून स्वतः घामेजत बसलेले मी त्यांना पाहिलं आहे. “कोणाले हवा घालून राहिले?” कुमुदनं विचारलं. “तुझ्या सवतीले,” ते म्हणाले. कुमुद हसली की आता आवाज येत नसे, नुसते खांदे हलायचे. ते खांदे बराच वेळ हलत होते.

लहान यंत्र मात्र ती पिशवीत घालून बाहेर न्यायची. माडी उतरू लागली ती त्यामुळेच. आधी जवळच्या तळ्याच्या पायऱ्यांवर, मग अजून लांब. दिनकररावांचं ऑफिस नवा रायपूरला गेल्यावर एका सुटीच्या सकाळी ते आम्हा दोघींना गाडीनं तिकडे घेऊन गेले. रुंद, रिकामे रस्ते, नुकतीच लावलेली झाडं, मैलभर माणूस नाही. तलावाकाठी बाकावर बसलो. दिनकरराव फिरायला गेले. कुमुद काहीतरी म्हणाली आणि मी सवयीनं कान पुढे नेला, तर त्याची गरजच नव्हती. तिथे तिची कुजबुज स्पष्ट ऐकू येत होती. मला वाटतं आम्ही त्या सकाळी जितकं बोललो तितकं आधीच्या सबंध वर्षात बोललो नव्हतो. तिथेच मी धीर करून विचारलं, “तुले तुझ्या गळ्याची आठवण येत नाही का गं?”

“येते ना. सकाळी उठल्यावर विसरूनच जाते मी. ऋचाच्या बाबाले हाक मारायले जाते... मग आठवते.”

“मग हे?” मी तिच्या मांडीवरच्या यंत्राकडे पाहिलं.

“हा माझा गळा नाही, शोभा. लोकांले वाटते मी त्याच्या बदली हे घेतलं. ही कोणी दुसरीच आहे. मले तिच्याशी बोलाले आवडते, बस.” आणि तिनं यंत्र सुरू केलं. समोर पाण्यावर एक पाणकोंबडी ओरडत होती. कुमुद तिच्याशी सूर मिळवायला गेली, तर पाणकोंबडीच गप्प झाली. ओशाळून तिनं यंत्र बंद केलं, मग आम्ही पोहे खाल्ले.

गणपतीत आमच्या मराठी मंडळींनी तिला कार्यक्रमाला बोलावलं. हेतू चांगलाच होता. “काकू, त्या मशीनवर दोन जुनी भावगीतं वाजवून द्या,” असं त्यांचं म्हणणं. कुमुदनं होकाराची मान हलवली, पण त्या संध्याकाळी भावगीत वाजवलं नाही. वायरी जोडल्या आणि तो वारा सोडला. सभागृहात कुजबुज झाली. माझ्या पुढच्या रांगेतल्या आजींनी सुनेला विचारलं, “माइक लावून राहिले का अजून?” मग वाऱ्यातून सूर वर यायला लागला, आणि तेवढ्यात आवाज एकदम बसला. कोपऱ्यातल्या माइकवाल्या भैयाला वाटलं वायर खराब झाली, त्यानं घाईनं आवाज खाली आणला होता. कुमुद खुंटे फिरवत राहिली. पेटी तिच्या गळ्यासारखीच ऐकू येईनाशी झाली होती. मला उठवेना. दिनकरराव उठले. चार माणसांत कधी आवाज न चढवणारा हा गृहस्थ, रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडत माइकवाल्यापाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “भैया, आवाज़ बढ़ाइए. कुछ ख़राब नहीं है. वो गा रही हैं.”

आवाज वाढला. सगळ्यांना आवडलं असं मी म्हणणार नाही. काही जण प्रसादाच्या खोलीकडे गेले, पुढच्या आजी शेवटपर्यंत गाणं सुरू होण्याची वाट पाहत बसल्या. पण तो सूर खालून निघाला, चालत चालत वर गेला, आणि वर पोचल्यावर ज्या तऱ्हेनं थांबला ते ज्यांनी पूर्वी कुमुदला ऐकलं होतं त्यांना ओळखू आलं. तिची जुनी विद्यार्थिनी मंजिरी, आता बँकेत नोकरी करते, ती मागच्या भिंतीला टेकून रडत होती. कार्यक्रम संपल्यावर ती आली. “ताई, वो जो बीच में जा रहा था ना, वो मुझे गाना है.” कुमुदनं खुणेनं सांगितलं, मी आता शिकवत नाही. मंजिरी म्हणाली, “आप मत बोलिए. मशीन से बताइए.”

अशी ती माडी पुन्हा भरली. कुमुद यंत्रावर मींड काढून दाखवायची, मंजिरी ती गळ्यातून काढायची. घसरली की कुमुद तीच वाट अजून सावकाश करून दाखवायची. माणसाच्या गळ्याला दम लागतो, यंत्राला लागत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर जायला ते हवा तेवढा वेळ घ्यायचं, आणि पोरींना मधलं एकेक पाऊल ऐकू यायचं. मंजिरीमागून अजून चार-पाच जणी आल्या. त्यांना काही सांगायचं असलं की कुमुद कुजबुजायची, आणि ते ऐकायला सगळ्या श्वास रोखून पुढे वाकायच्या. जिना चढताना मला कधी वाटायचं आज वर्ग नाही की काय, इतकी शांतता असायची वर. ऋचा एकदा आली असताना दारात उभी राहून हे पाहत होती. “मावशी,” ती मला म्हणाली, “आई तो पहले से ज़्यादा सख़्त हो गई है.”

शेवटच्या वर्षी कुमुदला चालताना दम लागायला लागला. हृदय थकलं होतं. जिना बंद झाला, पण या वेळी तिला त्याचं वाईट वाटलं नाही, जग वर येत होतं. ती गेली त्याच आठवड्यात मी दुपारी गेले होते. तिनं मला एक नवा आवाज ऐकवला आणि भुवया उंचावून विचारलं, कसा आहे? मी प्रामाणिकपणे म्हणाले, “रेल्वे फाटक बंद होताना वाजते ना, तसा वाटला.” तिचे खांदे हलले. “तुले नाही जमणार या जन्मी,” ती म्हणाली, आणि शेंगांची वाटी माझ्याकडे सरकवली. आमचं शेवटचं बोलणं हे. याहून मोठं काही बोलायला हवं होतं असं मला वाटत नाही.

तेरावं झालं, ऋचा परत गेली. परवा दुपारी दिनकररावांनी मला वर बोलावलं. खोली तशीच होती. मंजिरी रविवारी येऊन पोरींचा वर्ग घेते, त्यामुळे तानपुरा लावलेला, भिंतीला टेकून उभा होता. पेटीवर पातळ सुती कापड होतं. ते बाजूला करत दिनकरराव म्हणाले, “रोज संध्याकाळी ती सगळ्या वायरी काढून ठेवायची. मी म्हणायचो, काहून काढते, चांगलं जमलं होतं आज. तर म्हणायची, उद्या दुसरं जमेल. या पेटीले काही लक्षात राहत नाही, शोभाताई. वायर काढली की गेलं. त्या दिवशी सकाळीच तिनं जोडल्या होत्या... काढायच्या राहिल्या.” त्यांनी कापडाची घडी घातली. “मी चालू नाही केलं. एकट्यानं ऐकणं झालं नाही.”

त्यांनी बटण दाबलं. खोल, संथ श्वासासारखं काहीतरी सुरू झालं. त्यातून एक सूर निघायचा, वर चढत जायचा आणि कुठेतरी पोचायच्या आत वळून परत यायचा. पुन्हा निघायचा. आम्ही बराच वेळ ऐकत बसलो. चहा निवला. “अर्धवट आहे का हे?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मला नाही कळत. “मलेही नाही,” ते म्हणाले. मग ते खुर्ची ओढून पेटीसमोर बसले आणि एकेक वायर काढू लागले. आधी हेलकावा गेला, मग श्वास, मग सूर. खोलीत पंख्याचा आवाज उरला. सगळ्या वायरी त्यांनी नीट सरळ करून मांडीवर ठेवल्या. मला वाटलं आता पेटी झाकतील. त्यांनी त्यातली एक उचलली. “सुरुवात ती कुठून करायची?”

मी कितीदा पाहिलं होतं. मी भोक दाखवलं, मग दुसरं. कोरडी, माशीसारखी भुणभुण सुरू झाली. सूर म्हणजे काय ते आपल्याला कळत नाही असं दिनकरराव आयुष्यभर सांगत आलेले. मी तानपुऱ्याची तार छेडली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खुंटा फिरवला. भुणभुण वर गेली, तारेच्या पुढे निघून गेली, परत खाली आली. मी तार छेडत राहिले. दोन आवाज जवळ आले की त्यांच्यात एक थरथर उठायची, ते आणखी जवळ आले की ती मंद व्हायची. दिनकररावांची बोटं आता केसभरच हलत होती. मग थरथर थांबली, दोन्ही आवाज एक झाले. त्यांनी खुंट्यावरचा हात तसाच ठेवून, माझ्याकडे न पाहता विचारलं,

“हेच ना?”

“हव,” मी म्हणाले.